मुक्त संगणकप्रणालीवर मराठी व अहिराणी लेखन : काही व्यावहारिक सूचना



याआधीच्या घटकांमध्ये तुम्ही मराठीची वर्णव्यवस्था, प्रमाणभाषा आणि बोली यांचा परस्परसंबंध, तसेच बोलींच्या क्षेत्रीय अभ्यासाची पद्धती यांचा परिचय करून घेतला आहे. प्रस्तुत घटक त्या अभ्यासाला जोडूनच आहे. गावात जाऊन गोळा केलेले शब्द, म्हणी, ओव्या आणि कहाण्या अखेरीस संगणकावर लिहावयाच्या असतात. हे लेखन मुक्त संगणकप्रणालीवर कसे करावे, त्यात कोणत्या अडचणी येतात आणि त्या कशा टाळाव्यात, हे येथे पाहावयाचे आहे. धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना समोर ठेवून हे विवेचन केले असल्यामुळे उदाहरणे प्रामुख्याने अहिराणीतील आहेत. इतर बोलींच्या अभ्यासकांनी त्यांच्या जागी आपापली उदाहरणे घालून पाहावीत.

१. 'मुक्त' या शब्दाविषयी

संगणक सुरू होताच जो मूलभूत आज्ञासंच कामाला लागतो आणि ज्याच्या आधारावर इतर सर्व कामे चालतात, त्यास ऑपरेटिंग सिस्टिम किंवा संगणकप्रणाली असे म्हणतात. विंडोज ही त्यांतील सर्वपरिचित प्रणाली. लिनक्स ही तिच्याहून वेगळ्या परंपरेतील. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आपल्या प्रणालीचा गाभा सर्वांसाठी खुला केला. या दोन प्रवाहांच्या संगमातून उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन, फेडोरा अशी आजची अनेक संकलने सिद्ध झाली. सी-डॅक या आपल्या शासकीय संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही प्रणालीही याच कुळातील आहे.

या प्रणालींना इंग्रजीत जे विशेषण लावतात, त्याचे 'फुकट' आणि 'स्वतंत्र' असे दोन्ही अर्थ होतात आणि त्यातून गैरसमज उद्भवतात. मराठीला ही अडचण नाही. आपल्याकडे 'मोफत' आणि 'मुक्त' हे दोन निराळे शब्द आहेत. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला त्यांतील फरक वेगळा सांगावयास नको. मुक्त प्रणाली वापरण्याची, तिची रचना पाहण्याची, तीत बदल करण्याची आणि ती दुसऱ्यास देण्याची मुभा असते. ती बहुधा मोफतही मिळते, परंतु भाषेच्या अभ्यासकाला बदल करण्याची मुभा अधिक महत्त्वाची आहे. ज्या बोलीला बाजारपेठ नाही, तिच्यासाठी कळफलक किंवा शब्दकोश कोणती कंपनी करणार? मुक्त प्रणालीत तो बोलीचे भाषक स्वतःच तयार करू शकतात.

विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अकराव्या आवृत्तीसाठी जुने संगणक पुरेसे ठरत नाहीत. अशा संगणकावर लिनक्स मिंट चालवून पाहण्यास हरकत नाही. त्यासाठी किमान दोन जीबी स्मृती लागते, चार जीबी असल्यास काम सुखाने होते. प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकात काहीही न बदलता, थेट त्या पेनड्राइव्हवरून ती सुरू करता येते. एक-दोन दिवस तसे वापरून पाहावे. वाय-फाय, आवाज आणि छपाईयंत्र नीट चालते का, याची खात्री करावी आणि मगच ती कायम बसवावी. बसवण्यापूर्वी आपल्या सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवणे अनिवार्य आहे. त्या टप्प्यावर एक चुकीचा पर्याय निवडला गेला, तर संपूर्ण डिस्क पुसली जाते.

२. कळफलक : वर्णमालेचा नकाशा

मराठी टंकलेखनाचे दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिल्यात रोमन अक्षरे टाइप केली असता त्यांचे देवनागरीत रूपांतर होते. दुसऱ्यात प्रत्येक कळीवर देवनागरी वर्णच असतो. पहिला मार्ग सोपा वाटतो आणि मोबाइलमुळे तो बहुतेकांच्या अंगवळणी पडला आहे. लिनक्समध्ये 'आयबस' या साधनाद्वारे तो उपलब्ध होतो. तरीही मराठी पदवीच्या विद्यार्थ्याने दुसरा मार्ग, म्हणजे इन्स्क्रिप्ट मांडणी, शिकावी असे माझे आग्रहाचे मत आहे. रोमन मार्गाने लिहिताना आपण प्रत्येक मराठी शब्दाचे मनातल्या मनात इंग्रजी स्पेलिंग करीत असतो. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल', ऱ्हस्व आणि दीर्घ यांसाठी मग दरवेळी खटाटोप करावा लागतो.

भारत सरकारने १९८६ च्या सुमारास प्रमाणित केलेली इन्स्क्रिप्ट मांडणी ध्वनिविचाराच्या विद्यार्थ्याला पाहताक्षणीच ओळखीची वाटावी. उजव्या हाताच्या मधल्या ओळीकडे लक्ष द्या. तेथे इंग्रजी 'के'च्या जागी क, 'एल'च्या जागी त, त्यापुढे च आणि ट, तर अलीकडे 'एच'च्या जागी प आहे. हे पाचही वर्ण अघोष व अल्पप्राण आहेत. यांतील प्रत्येक कळीच्या नेमक्या वरच्या ओळीत त्याच वर्गातील घोष वर्ण आढळतो : क-च्या वर ग, त-च्या वर द, च-च्या वर ज, ट-च्या वर ड आणि प-च्या वर ब. शिफ्ट दाबून हीच कळ वापरली की महाप्राण मिळतो. क-चा ख, ग-चा घ, त-चा थ, द-चा ध. अघोष-घोष आणि अल्पप्राण-महाप्राण हे जे कोष्टक तुम्ही परीक्षेसाठी पाठ केले, तेच येथे बोटांखाली मांडलेले आहे. डावीकडे स्वरचिन्हे आहेत. तेथे शिफ्ट दाबल्यास चिन्हाऐवजी पूर्ण स्वर उमटतो : 'ई'च्या कळीवर काना, तर शिफ्टसह आ. 'डी'च्या कळीवर हलन्त, म्हणजे पाय मोडण्याची खूण आहे. सर्व जोडाक्षरे तिच्याच साहाय्याने होतात.

आणखी एक लाभ आहे. सर्व प्रमुख भारतीय लिप्यांसाठी हीच मांडणी आहे. आपल्या सीमेपलीकडील गुजराती मजकूर लिहावयाचा झाल्यास भाषा तेवढी बदलावी, बोटांना नव्याने काही शिकावे लागत नाही. दररोज वीस मिनिटे सराव केला, तर साधारण तीन आठवड्यांत कळफलकाकडे न पाहता लिहिता येऊ लागते, असा अनेक प्रौढ विद्यार्थ्यांचा अनुभव आहे.

ही मांडणी सुरू करण्यासाठी उबुंटूमध्ये सेटिंग्ज, त्यात कीबोर्ड आणि त्यात इनपुट सोर्सेस येथे जावे. अधिकचिन्ह दाबून मराठी (एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट) निवडावे. मिंटमध्ये हाच पर्याय कीबोर्डच्या लेआउट्स या भागात असतो. मांडणीच्या नावाजवळच तिचे चित्र पाहण्याची सोय असते. ते छापून भिंतीवर लावावे. उबुंटूमध्ये विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि स्पेस एकत्र दाबली की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. यादीत इंग्रजी प्रथम ठेवावी. मराठी मांडणी सुरू असताना पासवर्ड मागितला गेल्यास टाइप केलेली अक्षरे दिसत नाहीत, बरोबर पासवर्डही चूक ठरतो आणि नवखा माणूस विनाकारण धास्तावतो.

३. डोळ्यांना सारखे, संगणकाला वेगळे

या घटकातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. तो सावकाश वाचावा आणि शक्य झाल्यास संगणकासमोर बसूनच वाचावा.

संगणक अक्षराचे चित्र साठवत नाही, त्याचा क्रमांक साठवतो. युनिकोड या जागतिक प्रमाणात देवनागरीसाठी १२८ स्थानांचा एक मूळ गट राखलेला आहे. प्रत्येक वर्णास आणि प्रत्येक चिन्हास त्याचा सांकेतांक आहे. 'कि' हे अक्षर लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, परंतु संगणकात आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी असा उच्चारानुसारी क्रम असतो. पडद्यावर वेलांटी डावीकडे नेण्याचे काम फाँट करतो. 'क्ष' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर असले, तरी तेथे क, हलन्त आणि ष असे तीन सांकेतांक असतात. त्यामुळे 'क्ष'नंतर बॅकस्पेस दाबल्यास संपूर्ण अक्षर न पुसता बहुधा केवळ 'ष' जातो. विद्यार्थी याला संगणकातील बिघाड समजतात. प्रत्यक्षात संगणकाने जोडाक्षराची फोड आपल्याला दाखवलेली असते.

आता अडचणीची तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण 'ॲ' या वर्णाचे. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी मराठीत 'ॲ' लिहितात, हिंदीत 'ऍ' लिहितात. मराठी वर्णाला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. तोपर्यंत अनेक जण 'अ' लिहून त्यावर अर्धचंद्र देत असत आणि ती सवय अद्याप सुटलेली नाही. 'ॲसिड' हा शब्द स्वतंत्र वर्णाने लिहिला काय किंवा अ आणि अर्धचंद्र जोडून लिहिला काय, बहुतेक फाँटांत तो सारखाच दिसतो. मात्र एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला असता संगणक 'आढळला नाही' असे उत्तर देतो.

दुसरे उदाहरण 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या जोडीचे. विद्वान गुरुजन आणि स्वयंपाक करणारे आचारी यांच्यातील हा अर्थभेद लिखित मराठीत केवळ रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र यांवर अवलंबून आहे. इन्स्क्रिप्टमध्ये 'जे'च्या कळीवर र आहे. र, हलन्त, य असे लिहिल्यास 'र्य' मिळतो. शिफ्ट दाबून तीच कळ वापरल्यास 'ऱ' येतो आणि मग हलन्त व य दिल्यास 'ऱ्य' मिळतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' ही जोडी अशीच लिहून पाहा. हाच 'ऱ' साध्या र-खाली नुक्ता देऊनही दिसतो. चंद्रकोरीचा अर्धा र मिळवण्यासाठी हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह देण्याची जुनी पद्धतही आहे. दिसणे तेच, आतील क्रमांक निराळे. इन्स्क्रिप्टमधील 'ऱ'ची पद्धत स्वीकारावी आणि संपूर्ण लेखनात तीच पाळावी.

तिसरे उदाहरण विसर्गाचे. 'दुःख' या शब्दातील विसर्ग आणि इंग्रजी अपूर्णविराम यांत डोळ्यांना फारसा भेद दिसत नाही. घाईत अपूर्णविराम टाइप केला, तर शब्द दोन तुकड्यांत मोडतो आणि शब्दगणनेतही तो दोन शब्द म्हणून धरला जाऊ शकतो.

हे तपासावे कसे? लिब्रेऑफिस रायटरमध्ये संशयित अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. अक्षराच्या जागी त्याचा सांकेतांक दिसू लागेल. पुन्हा त्याच कळा दाबल्या की अक्षर परत येते. खरा 'ॲ' असेल, तर 0972 हा एकच क्रमांक दिसेल. जोडून केलेला असेल, तर 0905 आणि 0945 ही अ आणि अर्धचंद्राची जोडी उघडकीस येईल. उलट दिशेनेही हे साधन उपयोगी पडते. कळफलकावर एखादा वर्ण सापडत नसेल, तर रोमन मांडणीत त्याचा सांकेतांक टाइप करून याच कळा दाबाव्यात. रायटरबाहेर, उबुंटूच्या बहुतेक साधनांत, कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकत्र दाबून सांकेतांक लिहावा व एंटर द्यावे. यासाठी अंक मात्र 0, 9, 7, 2 असे आंतरराष्ट्रीय असावेत. देवनागरी अंक तेथे चालत नाहीत.

लेखन पूर्ण झाल्यावर 'शोधा आणि बदला' या सोयीने सर्व जोडलेले 'ॲ' एकाच वेळी सुधारता येतात. त्यासाठी कंट्रोल आणि एच या कळा वापराव्यात. साठ पानांच्या प्रकल्पातही या कामाला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

४. जुन्या फाइली आणि फाँट

युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, आयएसएम इत्यादी साधनांतील फाँट वापरून मराठी मजकूर लिहिला जात असे. त्या काळात मराठी मुद्रणाची मोठीच सोय या साधनांनी केली, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या फाँटांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेल्या होत्या. फाँट असेपर्यंत मजकूर मराठी दिसतो आणि फाँट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन गोंधळ होऊन समोर येतो.

लिनक्सवर आलेल्या विद्यार्थ्याला ही अडचण हमखास भेटते. त्याला वाटते, नव्या प्रणालीने आपली फाइल बिघडवली. वस्तुतः फाइल जशीच्या तशी असते. अशा फाइलीत कोणतीही दुरुस्ती न करता प्रथम तिची प्रत काढावी. मूळ फाइल कधीही पुसू नये. मग फाँटचे नाव पाहून त्यासाठीच्या रूपांतरकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि रफार, ऱ्हस्व वेलांटी व अर्धी अक्षरे या तीन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून तपासणी करावी. जुन्या फाँटांत वेलांटी दृश्य क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी, साठवलेली असते. रूपांतरात ती शेजारच्या अक्षराला चिकटण्याचा धोका असतो.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) लिहू-वाचू शकत नव्हत्या. त्यांच्या ओव्या घरच्यांनी कागदावर उतरवल्या म्हणून त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, त्या पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आल्या. हस्तलिखित कागद सत्तर वर्षांनंतरही वाचता येतो. गेल्या दोन-तीन दशकांत अनेक घरांत आजीच्या ओव्या, लग्नगीते, कानबाईची गाणी कोणी हौसेने टाइप करून ठेवली आहेत. त्यांतील ज्या फाइली जुन्या फाँटांत अडकल्या आहेत, त्या आज त्याच घरातील नातवंडांनाही उघडत नाहीत. तुमच्या घरी किंवा शेजारी अशी एखादी फाइल असेल, तर तिचे रूपांतर हा तुमच्या प्रकल्पाचा विषय होऊ शकतो. गाणारी व्यक्ती हयात असताना ते केल्यास शंकास्थाने तिलाच विचारता येतात.

नव्या लेखनासाठी युनिकोड फाँटच घ्यावा. लोहित आणि नोटो हे मुक्त फाँट बहुतेक लिनक्स संकलनांत सहज उपलब्ध असतात. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा फाँटही वाचनास सुखद आहे. उतरवून घेतलेल्या फाँटच्या फाइलीवर दोनदा क्लिक केल्यास तो बसवण्याचा पर्याय समोर येतो. फाँट निवडताना 'ल' आणि 'श' यांच्या आकाराकडे लक्ष द्यावे. महाराष्ट्र शासनाच्या २०२२ च्या निर्णयानुसार मराठीत पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' अपेक्षित आहे. काही फाँटांत हिंदी व मराठी अशी दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवल्यावरच मराठी वळण दिसते.

धुळ्यातील विद्यार्थ्यांसाठी येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आपल्याच शहरात आहे. तेथील मोडी कागद वाचणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे की मोडी लिपीलाही २०१४ पासून युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान आहे आणि 'नोटो' मालिकेत तिचा मुक्त फाँट उपलब्ध आहे.

५. लिब्रेऑफिसमध्ये लेखन

लिब्रेऑफिस हा मुक्त कार्यालयीन संच बहुतेक संकलनांबरोबर आपोआपच येतो. त्यातील रायटर उघडल्यावर प्रथम टूल्स, ऑप्शन्स आणि त्यांतील भाषाविषयक विभागात जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' हा पर्याय सुरू करावा आणि त्यापुढे मराठी निवडावे. ही एक खूण न केल्यामुळे पुढे अनेक तक्रारी निर्माण होतात. रायटर रोमन मजकुरासाठी एक आणि देवनागरी मजकुरासाठी दुसरा असे दोन स्वतंत्र फाँट धरून चालतो. फाँटचा आकार १४ केला तरी मराठी अक्षरे लहानच राहिली, असे घडल्यास समजावे की बदल फक्त रोमन भागाला लागू झाला आहे. त्याच ऑप्शन्समध्ये रायटरच्या 'बेसिक फाँट्स (सीटीएल)' या पानावर मराठीचा फाँट व आकार एकदाच ठरवून ठेवावा.

स्वाध्याय सादर करताना मूळ फाइल आपल्याजवळ ओडीटी स्वरूपात ठेवावी आणि अभ्यासकेंद्राकडे पीडीएफ पाठवावी. पीडीएफमध्ये फाँट अंतर्भूत होतो. त्यामुळे दोंडाईच्याच्या किंवा साक्रीच्या छपाईच्या दुकानातील संगणकावर तुमचा फाँट नसला तरी पाने बदलत नाहीत. फाइलीचे नाव मराठीत देता येते, परंतु ती दुसऱ्या संगणकावर जावयाची असल्यास रोमन अक्षरांत दिलेले बरे. लिनक्समध्ये मोठे आणि छोटे रोमन अक्षर वेगळे मानले जाते, हेही ध्यानात ठेवावे.

६. बोलीचे शब्द आणि लाल रेघ

रायटरमध्ये मराठीचा शब्दतपासनीस बसवल्यावर चुकीच्या वाटणाऱ्या शब्दांखाली लाल नागमोडी रेघ येते. ही रेघ नेमके काय सांगते? शब्द अशुद्ध आहे असे ती सांगत नाही, तो यादीत नाही एवढेच सांगते. मराठीत नामाचे सामान्यरूप होऊन त्याला प्रत्यय व शब्दयोगी अव्यये लागतात. 'घर' या एका शब्दापासून 'घराला', 'घरातून', 'घरांवरही', 'घराजवळच्यांनीसुद्धा' अशी असंख्य रूपे संभवतात. ती सगळी यादीत असणे दुरापास्त आहे. म्हणून प्रमाण मराठीतील बिनचूक शब्दांखालीही रेघ येते.

अहिराणीत तर जवळजवळ प्रत्येक शब्द रेघेवर तोलला जातो. 'घरमा', 'करस', 'शे', 'डोया' हे सर्व शब्द संगणकाच्या लेखी चुकीचे. २०११ च्या जनगणनेत अहिराणीसह खानदेशी या नावाखाली सुमारे १८ लाख ६० हजार भाषकांची नोंद आहे. एवढ्या लोकांच्या घरातील भाषेला पडद्यावर लाल रेघ पाहून विद्यार्थी नकळत हात आवरता घेतो आणि 'डोया'चा 'डोळा' करून मोकळा होतो. क्षेत्रीय अभ्यासात याहून मोठी हानी नाही. ळ-च्या जागी य येणे हा या परिसरातील बोलींचा लक्षणीय विशेष आहे आणि तोच आपण दुरुस्तीच्या नावाखाली पुसून टाकतो.

यावर उपाय सोपा आहे. ऑप्शन्समधील 'रायटिंग एड्स' या पानावर नवा शब्दकोश तयार करून त्याला 'अहिराणी' असे नाव द्यावे. शब्दावर उजवे क्लिक करून, खातरजमा झालेला प्रत्येक शब्द त्यात टाकत जावे. काही महिन्यांत ही यादी स्वतःच एक भाषिक दस्तऐवज होते. ती साध्या फाइलीच्या रूपात असल्याने सहाध्यायांना देताही येते. शिरपूरच्या विद्यार्थिनीची यादी आणि चाळीसगावच्या विद्यार्थ्याची यादी शेजारी ठेवून पाहिल्यास बोलीतील स्थानिक भेद समोर येतात. 'ऑटोकरेक्ट'मधील आपोआप बदल मात्र बोलीलेखन करताना बंद ठेवावेत.

शब्दसंग्रह कॅल्क या तक्त्यांच्या साधनात ठेवणे अधिक सोयीचे. शब्द, अर्थ, वाक्यातील उपयोग, गाव आणि दिनांक असे स्तंभ असावेत. सांगणाऱ्याची संमती घ्यावी आणि त्याच्या नावाऐवजी वय व गाव नोंदवावे. अकारविल्हे लावताना वर्गवारीच्या पर्यायांत भाषा 'मराठी' निवडावी. अन्यथा संगणक निव्वळ सांकेतांकांच्या क्रमाने जातो. त्या क्रमात ळ हा ल-नंतर लगेच येतो आणि क्ष हा क-खाली जातो, तर आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ह-नंतर येतात. लावलेला क्रम एकदा डोळ्यांखालून घालावा.

७. काही किरकोळ, परंतु उपयुक्त

वीज केव्हाही जाऊ शकते. लिब्रेऑफिसच्या लोड-सेव्ह विभागात स्वयंजतनाचा अवधी तीन मिनिटे करावा, तरीही अधूनमधून कंट्रोल-एस दाबण्याची सवय सोडू नये. मोबाइलच्या इंटरनेटवर संगणक जोडला असेल, तर त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' ही खूण करावी, म्हणजे मोठी अद्यतने आपोआप उतरून दिवसाचा डेटा संपत नाही. ती अद्यतने आठवड्यातून एकदा, सवडीने, अवश्य घ्यावीत. नवी साधने प्रणालीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर-भांडारातूनच बसवावीत. कोणी सांगितले म्हणून टर्मिनलमध्ये न समजलेली आज्ञा चिकटवू नये, विशेषतः ती पासवर्ड मागत असेल तर. पेनड्राइव्ह 'इजेक्ट' केल्याशिवाय ओढून काढू नये. लिनक्स लेखन काही काळ स्मृतीत राखून ठेवते आणि घाई केल्यास शेवटची फाइल अर्धवट राहते. प्रकल्पाची एक प्रत घराबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे किंवा अभ्यासकेंद्रात असावी.

करून पाहा

(१) 'सूर्याची', 'सुऱ्यांची', 'ॲल्युमिनियम', 'दुःख' आणि 'कुऱ्हाड' हे शब्द इन्स्क्रिप्टने लिहा. प्रत्येकातील एका अक्षरावर ऑल्ट-एक्सचा प्रयोग करून सांकेतांक वहीत उतरवा.

(२) घरातील ज्येष्ठ व्यक्तीकडून शेतीच्या अवजारांची किंवा स्वयंपाकघरातील भांड्यांची पंचवीस अहिराणी नावे मिळवा. ती ऐकली तशीच लिहा, प्रमाण मराठीत वळवू नका. लाल रेघ आलेले शब्द वेगळ्या स्तंभात नोंदवा आणि ते त्याच व्यक्तीला पुन्हा वाचून दाखवून उच्चाराची खात्री करा.

(३) हा तक्ता ओडीएस स्वरूपात जतन करून पुढील संपर्कसत्राला पेनड्राइव्हवर आणा. सर्वांचे तक्ते एकत्र करून पाहण्यासाठी त्या सत्रात वेळ ठेवला आहे.